काळुरामचं गळालेलं नाव

१९९९ साली ठाण्यातल्या एका डायलिसिस सेंटरच्या दारात हेमा भोईर वडिलांना धरून उभी होती आणि आत त्यांच्या मशीनवर दुसराच पेशंट झोपला होता.

हेमा डोंबिवलीजवळच्या कोपर गावची. वर्तकनगरमधल्या एका छोट्या कंपनीत ती वेबवर चालणारे प्रोग्रॅम लिहायची. वडील काळुराम यांच्या किडन्या निकामी झाल्यावर या सेंटरला नावनोंदणीचा प्रोग्रॅम तिनेच करून दिलेला.

“अगं, मी स्वतः नाव टाकलेलं!” काउंटरवरच्या आवडाबाई रडकुंडीला आल्या. “‘नोंद झाली’ असं स्क्रीनवर आलंसुद्धा.”

आता नाव नव्हतं. जागा रिकामी दिसली म्हणून ती विश्राम कोळींना दिली होती.

काळुरामचे पाय टम्म सुजले होते. दोन शब्द बोलले तरी धाप लागत होती.

“त्यांना उठवा ना,” हेमा डॉक्टरबाईंच्या मागे लागली. “बाबांना आधी घ्या. हात जोडते.”

“रक्त मशीनमध्ये आहे त्यांचं. मध्येच कसं उठवू?”

“नको उठवू पोरी,” काळुराम कसेबसे म्हणाले. “त्याला पन घर हाय.”

कल्याणच्या एका हॉस्पिटलात मशीन मोकळं असल्याचं कळलं. अँब्युलन्स पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले. हेमा त्यांचे तळवे चोळत राहिली, हाका मारत राहिली. ते वाचले, पण हृदय कमजोर झालं.

सेंटरने आवडाबाईंना घरी बसवलं. हेमाच्या कंपनीचे मालक भगवानशेठ म्हणाले, “बाईची चूक. विषय संपला.”

हेमाला ते पटेना. तिने प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवला. दर वेळी नाव बरोबर नोंदलं जायचं. जेवण जाईना. सोडून द्यावं असं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, उद्या कुणाचं नाव जाईल? शेवटी ती आवडाबाईंच्या घरी गेली.

“बाई, त्या दिवशी कसं कसं केलंत, सगळं सांगा.”

“नेहमीसारखंच. तुमच्या बाबांची नोंद अडकली होती, तेवढ्यात फोन आला. मग दुसरी विंडो उघडून दुसरं नाव टाकलं.”

हेमाला चूक कळली. लॉग-इन केलेल्या माणसाचं चालू काम सर्व्हर एका फाइलीत ठेवतो, त्याला सेशन म्हणतात. आवडाबाईंच्या दोन्ही विंडोंनी एकाच वेळी त्या फाइलीतली नावांची तीच जुनी यादी वाचली. पहिलीने काळुरामचं नाव जोडून ती ठेवली. दुसरीने आपल्या जुन्या यादीत दुसरं नाव जोडलं आणि ती पहिलीच्या यादीवर लिहून टाकली; काळुरामचं नाव पुसलं गेलं. एकीचं काम होईपर्यंत दुसरीला थांबवणारं कुलूप त्या फाइलीला नव्हतं. हेमाने ते घातलंच नव्हतं.

तिने ते आता घातलं आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. आवडाबाई कामावर परत आल्या. प्रोग्रॅम मात्र सेंटरने बंदच केला.

दिवाळीच्या आधी काळुराम गेले.

“त्या दिवसामुळेच का?” हेमाने डॉक्टरबाईंना विचारलं.

“नाही सांगता येत गं.”

तिने पुन्हा विचारलं. “खरंच नाही सांगता येत,” म्हणून डॉक्टरबाई पुढच्या पेशंटकडे गेल्या.