उजव्या चाकाचे नट

ज्या दिवशी मी आमची गाडी भंगारात द्यायला निघाले, त्या दिवशी माझी देवीवरची श्रद्धा जवळजवळ आटली होती. हे लिहिताना संकोच वाटतो. मंगळवारचा उपवास आमच्या घरात सासूबाईंपासून चालत आलेला, आणि लग्नानंतर मी तो कधी मोडला नव्हता. पण खरं सांगायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

गाडी म्हणजे लष्कराचा जुना ट्रक. निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शनच्या वेळी जी फौज या भागात आली, तिच्यासोबतच हा ट्रक आला असावा, असं हे म्हणायचे. कागद मात्र तसा कुठलाच नव्हता. पुढे लिलावात तो लासूर स्टेशनच्या एका जिनिंगवाल्यानं घेतला, बरीच वर्षं त्यातून कापसाच्या गाठी वाहिल्या आणि मग कडुनिंबाखाली उभा करून विसरून गेला. हे बसच्या वर्कशॉपात मिस्त्री होते. निवृत्त झाल्यावर यांनी तो ओढून आणला आणि औरंगाबादेतल्या आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत ठेवला. त्यानंतरची सहा वर्षं हे त्या गाडीच्या वर, नाहीतर खाली. गंजलेला पत्रा ठोकला, इंजिन उलगडून पुन्हा जोडलं, मोडीत निघालेल्या दुसऱ्या ट्रकांचे भाग शोधून आणले. मी सुरुवातीला कुरकुरले. मग एक दिवस छतासाठी जाडजूड कॅनव्हास गुलमंडीतून मीच निवडून आणला आणि माझ्या शिलाई मशीनवर शिवला. अकरा सुया मोडल्या. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा आम्ही दोघं मागच्या हौद्यात बसून चहा प्यायलो होतो.

मे महिन्यातल्या एका दुपारी हे गाडीखाली ग्रीस भरत होते. जेवायला हाक मारली, ओ आली नाही. वाकून पाहिलं तर डोळे उघडे, पण उजवं अंग लुळं पडलेलं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, वाचा येईलही, किंवा येणारही नाही. मी अभिषेक केले, नवस बोलले, मंगळवारच्या जोडीला शुक्रवारही धरला. महिने गेले. हे ओसरीवर खुर्चीत बसून गाडीकडे बघत राहायचे. भेटायला येणारे यांच्यासमोरच यांच्याविषयी माझ्याशी बोलायचे, आणि हळूहळू मीही तशीच वागू लागले. यांना काही विचारायचं मी सोडूनच दिलं. अकराव्या महिन्यात उपवासही सोडले. त्या गाडीचं तर तोंड बघवेना. तिच्याचखाली माझ्या माणसाचं हे झालं, असं मनात घट्ट बसलं होतं. पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलीनं एक भंगारवाला गाठून दिला, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. यांना विचारलं नाही.

गाडी न्यायला माणसं यायची होती, त्या सकाळी मी देवघरापुढे उभी राहिले. हात जोडले की नाही, आठवत नाही. एवढंच म्हणाले, "आई, मी हात टेकले. हा माणूस तुझा, हे घर तुझं, ही गाडीही तुझीच. मला आता काही कळत नाही, तू बघ." डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला बसले.

दहाच्या सुमाराला क्रेन आली. चालक सलीमभाई, मेंदी लावलेली दाढी, पन्नाशी ओलांडलेले; सोबत एक मजूर. गाडीचं पुढचं उजवं चाक हवा जाऊन बसलं होतं, ते बदलल्याशिवाय ओढता येईना. पण त्याचे नट सुटेनात. पान्याला लांब पाइप लावून दोघं लोंबकळले, तरी एकही नट हलला नाही. तासभर झटून मजूर वैतागला. "गॅस लावू, कापून टाकू. भंगारातच जायची हाय ना."

सलीमभाईंनी पाना खाली ठेवला. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उचलून आत पाहिलं, कॅनव्हासच्या शिवणीवरून हात फिरवला. मग मला विचारलं, "ताई, हे काम कुणी केलं?"

मी ओसरीकडे बोट केलं. "यांनी. पण ते बोलत नाहीत."

"ऐकतेत का?"

"ऐकतात."

त्यांनी पायरीपाशी चपला काढल्या आणि यांच्या खुर्चीपुढे उकिडवे बसले. "सलाम, उस्ताद. लई जीव लावून केली गाडी. एक काम अडलंय. पुढच्या उजव्या चाकाचे नट सुटंनात. हा कापू म्हणतोय, माझं मन व्हईना. तुमी सांगा, काय करू?"

आणि ते थांबले. मला वाटलं म्हणावं, भाऊ, कशाला त्यांना त्रास देता. पण ते अगदी निवांत बसले होते, वडीलधारं माणूस विचार करून उत्तर देणार आहे याची खात्री असल्यासारखे. यांचा डावा हात उचलला गेला. हवेत गोल फिरला. ओठ थरथरले, मान आखडली. "उ..." हात पुन्हा फिरला. "उल... उलटं."

आजारानंतर यांच्या तोंडून फुटलेला हा पहिला शब्द.

सलीमभाई उठले, पाना उलट्या बाजूनं लावला आणि अंगाचा भार दिला. कर्र असा आवाज झाला आणि नट सुटला. एकामागून एक सगळे सुटले. "डाव्या चाकाचे आटे उलटे असतेत, हे मला ठाऊक," ते म्हणाले, "पण हे तर उजवं." मग मला आठवलं. एका मोडक्या ट्रकाच्या डाव्या चाकाचा भाग यांनी इथं उजवीकडे बसवला होता. दुसरा मिळालाच नव्हता. मी ते विसरून गेले होते, यांच्या मात्र लक्षात होतं.

"ताई, रडू नका," सलीमभाई म्हणाले.

"रडत नाही, हसतेय," मी म्हणाले. खरं तर दोन्ही चाललं होतं.

"मग, गाडी नेऊ?"

मी यांच्याजवळ गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, "काय करू या?"

"नको," हे म्हणाले. अगदी स्पष्ट.

सलीमभाईंनी क्रेनचा हूक काढून घेतला. मी विचारलं, मालकाला काय सांगाल? म्हणाले, "सांगन, नट काय सुटलेच नाय."

डॉक्टर म्हणाले की असं कधी कधी होतं. होत असेल. मला त्यावर वाद घालायचा नाही. पुढे दर शुक्रवारी नमाज झाल्यावर सलीमभाई येऊ लागले. हे खुर्चीतून एकेक शब्द सांगायचे, "प्लग," "पाणी," "सावकाश," आणि आम्ही दोघं करायचो. लुगड्याला तेलाचे डाग पाडत मी ग्रीस भरायला शिकले, प्लग घासायला शिकले. एकदा मी सलीमभाईंना म्हणाले, तुम्हाला देवीनंच धाडलं. ते हसले. "मला तर क्रेनच्या शेटनं धाडलं, ताई. मी फकस्त इचारलं."

दसऱ्यानंतर आम्ही गाडी घेऊन माझ्या माहेरी, पिशोरकडे निघालो. तिथल्या टेकडीवर माझ्या लहानपणापासूनची देवी आहे. सलीमभाई चालवत होते, मध्ये हे, दाराशी मी. गाडी बैलगाडीला वाट देत, धूर सोडत, पण न थांबता टेकडीवर चढली. देवीपुढे उभी राहिले तेव्हा मागण्यासारखं काही सुचेना. आधी मी किती मागितलं होतं, आणि ते कसं द्यायचं हेही तिला मीच सांगत होते. हात टेकले, तेव्हा कुठं तिला वाट मोकळी झाली असावी. आता उपवास धरते, पण त्याच्या बदल्यात काही मागत नाही.

बाहेर आले तर गाडीभोवती गाव जमलेलं. गुरवानं यांना विचारलं, "बाबा, गाडी कुणाची म्हणायची?"

यांनी डावा हात उचलला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिची."