भट्टीवरचा उशीर

कॉफीसोबत खायला आज घरीच बिस्कॉटी करते आहे. कापलेले तुकडे दुसऱ्यांदा भाजायला ठेवले की जरासा करपट, गोड वास सुटतो आणि मी थेट इतवारी बाजारातल्या भट्टीसमोर जाऊन उभी राहते.

दिवाळीआधी घरचा मैदा, तूप, साखर नेऊन भट्टीवर बिस्किटं भाजून आणायची आमच्याकडे पद्धत होती. दरवर्षी आई जायची. त्या वर्षी ती आजारी होती, म्हणून बाबा मला घेऊन निघाले. वाटेत मला सायकलजवळ उभं करून ते डॉक्टरांकडे आईचे रिपोर्ट दाखवून आले.

भट्टीवाले काका ट्रे अर्धा बाहेर ओढून म्हणायचे, "झाले ना भाऊ, काढू?"

बाबा आगीकडे पाहत म्हणायचे, "राहू द्या अजून."

असं तीनदा झालं. बिस्किटं काळपट, दगडासारखी निघाली.

"बाबा, तुमाले काहीच जमत नाही," मी सगळ्यांसमोर म्हटलं. बाबांनी डबा भरला.

घरी आईने एक बिस्किट चहात बुडवलं. "चांगले झाले वं," ती मला म्हणाली. "असे कडकच पाहिजे बुडवाले."

डॉक्टरांनी बाबांना त्या दिवशी काय सांगितलं होतं, ते मला आई गेल्यावर कळलं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. इतका उशीर काहून झाला, हे आईने एकदाही विचारलं नव्हतं.