सिस्टरचं गाणं

सिस्टरच्या गळ्यात सूर नव्हता. ही गोष्ट मी तीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलो आणि तीस वर्षं कोणीही ती मनावर घेतली नाही. मी शाळेत संगीत शिकवायचो, रीतसर परीक्षा दिलेला माणूस. सिस्टर सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. गाताना उजव्या हाताने डाव्या मनगटाची नाडी धरायच्या आणि तिच्यावर ताल चालवायच्या. चढ आला की नाडीही जोरात चालत असावी, कारण लय हमखास पळायची. तरी छावणी भागातल्या आमच्या चर्चमधली मंडळी नाताळ जवळ आला की एकच विचारायची, "सिस्टर येणारेत ना?"

माझं दुखणं नीट कळायचं तर आधी माझ्या कॅसेटबद्दल सांगायला हवं. लग्नाआधी मी नाताळच्या गाण्यांची एक कॅसेट काढली होती. आठ गाणी, शब्द माझे, चाली माझ्या, आवाजही माझाच. गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानावर एक खोली होती, तिथे दाराला गाद्या लावून आम्ही ती भरली. घरोघरी मी स्वतः नेऊन दिली. सगळ्यांनी "वा वा" केलं. पुढच्या वर्षी सख्ख्या मेव्हण्याने तिच्यावर स्वतःच्या लग्नातली भाषणं भरून घेतली.

ती कॅसेट मन लावून ऐकली फक्त सिस्टरनी. वॉर्डातल्या टेबलावर त्यांचा एक छोटा टेप असायचा आणि डिसेंबर लागला की तो सुरू. त्यातलं तिसरं गाणं त्यांचं आवडतं: "मेंढपाळा, घोंगडी घे, बाळ थंडीत निजलंय." माझी बायको बाळंतपणाला तिथे होती तेव्हा मी कानांनी ऐकलं, पलीकडच्या खाटेवरची मुस्लिम बाई म्हणत होती, "सिस्टर, वो घोंगडीवाला गाना लगाव ना, बच्चा सोताच नै." मी छाती फुगवून पुढे झालो. तेवढ्यात सिस्टरनी टेप बंद केला आणि स्वतःच म्हणायला लागल्या. पोर झोपलं. माझं गाणं, माझ्यासमोर, बंद करून!

बरं, म्हणायच्या तेही चुकीचं. माझ्या चालीत 'बाळ' या शब्दावर सूर थेट वरच्या 'सा'वर जातो. ती जागा साधायला मी महिनाभर गळा घासला होता. सिस्टरना ती झेपायची नाही, म्हणून त्या तिथे खाली उतरायच्या आणि उतरण्याआधी चक्क थांबून दम घ्यायच्या. एकदा न राहवून मी त्यांना चूक दाखवली. त्या म्हणाल्या, "सर, बाळ निजलंय म्हणता अन् तितंच वरडता? उठंल ना ते!"

मी तडक घरी गेलो आणि तो वरचा 'सा' दहा वेळा लावून पाहिला. दरवेळी खणखणीत लागला, म्हणूनच जास्त राग आला.

मग ते गाणं कॅरलच्या फेरीत शिरलं. डिसेंबरात आम्ही संध्याकाळी पेटी, ढोलक घेऊन घरोघर जायचो. आमच्याकडे रीत अशी की कोणतं गाणं म्हणायचं ते ज्याच्या अंगणात उभे त्याने सांगायचं. पहिल्या घरापासून फर्माईश सुरू: "सिस्टरचं म्हणा!" सिस्टर दरवेळी हात उंचावून सांगायच्या, "आवो, सरांचं हाय ते गाणं." लोकांना वाटायचं, केवढी नम्र बाई. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, वर त्याचंच कौतुक. आमच्या घरापुढे आलो तेव्हा तर माझ्या आईनेच मान हलवली. "तुझं नको रे, सिस्टरचं म्हणा."

"आई, ते माझंच आहे."

"असंल. पर तिच्यावाणी म्हण."

त्या वर्षी आईने केलेल्या करंज्या मी तोंडात घातल्या नाहीत.

सिस्टरना नाताळच्या गाण्यांचा नादच होता. गोव्याच्या कोकणी कॅसेटी, बँडच्या, इंग्रजी, पुढे सीडी, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. दर डिसेंबरात त्या आवडीप्रमाणे त्यांचे नंबर लावायच्या आणि तशी चिठ्ठी लिहून कपाटाच्या दाराला चिकटवायच्या. एकदा चहाला गेलो असताना मी हळूच ती वाचली. पहिला नंबर माझ्या कॅसेटचा. मागच्या सगळ्या वर्षांच्या चिठ्ठ्याही तिथेच होत्या आणि त्यांतही तेच. ज्या माणसाचा हेवा करायचा त्यानेच आपल्याला पहिला नंबर द्यावा, यासारखी अडचण नाही. मी चहा अर्धा टाकून उठलो.

यंदा मे महिन्यात सिस्टर गेल्या. त्यांचा मुलगा वाळूजला कंपनीत आहे, तो कामाच्या कपड्यांतच आमच्या दारात आला. म्हणाला, "आईनं सांगून ठेवलंय, माझ्या मातीला ते गाणं सरांनीच म्हणायचं."

खोटं कशाला बोलू? रडू आलं, पण त्याच्या आत कुठेतरी आनंदही झाला. आता ऐन उन्हाळ्यात का होईना, सगळ्या मंडळींसमोर गाणं खऱ्या चालीत होईल, एकदा तरी कळेल ते कसं आहे. मेलेल्या बाईशीही माझी चढाओढ चालली होती.

कबरीपाशी उभं राहून मी सुरू केलं. आवाज छान लागला होता. 'बाळ' आलं, मी वर गेलो, आणि वर मी एकटाच होतो. सगळी मंडळी आधी थांबली होती, दम घेतला होता आणि खाली उतरली होती. त्यांतल्या कितीतरी जणांना सिस्टरनीच पहिल्यांदा हातात घेतलं असेल. त्या खालच्या सुरात ती ओळ इतकी मऊ वाटली की मलाही वर राहवेना. पुढच्या वेळी 'बाळ' आलं तेव्हा मी थांबलो, दम घेतला आणि त्यांच्याबरोबर उतरलो.

माती देऊन झाल्यावर मुलगा जवळ आला, माझा हात धरून म्हणाला, "सर, सुरवातीला चाल जरा चुकली तुमची. पर असू द्या, आशा टायमाला व्हतं."

मी म्हणालो, "हो रे. सिस्टरचं गाणं ते, मला कुठं तेवढं येतं."