नसलेल्या तेलाची बाटली

एकोणीसशे तिसाच्या पुढेमागे रत्नागिरीत ज्या सरकारी प्रयोगशाळेत मी होतो, तिला दोन खोल्या. एकीत मी मुशी माशाच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं औषधी तेल काढायचो, दुसरीत हेडक्लार्क माझा जीव काढायचे. त्यांच्याकडे रजिस्टरं इतकी, की चारही भिंती पडल्या असत्या तरी छप्पर जागचं हललं नसतं. एक परीक्षानळी फुटली तर तिचं सुतक तीन प्रतींत पाळावं लागे. दिवसाचे पाच तास टाक-दौत, उरलाच तर एक तास काचसामान. याला म्हणे शास्त्रीय संशोधन!

मे संपत आला होता. सोमवारी मुंबईचे साहेब येणार होते. स्वच्छ तेलाची एक बाटली दाखवली तर प्रयोगशाळा आणि माझी नोकरी राहणार, नाहीतर कुलूप. आदल्या शनिवारी सकाळी मिरकरवाडा बंदरातला म्हातारा तांडेल, मासेमारी होडीचा म्होरक्या, पाटीभर काळीज घेऊन दारात उभा.

"सायेब, ही शेवटची हां. उद्या होडी वर ओढतो. आता नारळी पुनवेआधी मुशी मागितलीत तर माझंच काळीज काढा."

नियम असा, की आलेला माल हेडक्लार्कनी पाहून आवकबुकात चढवायचा, मगच मी हात लावायचा. हे गृहस्थ घाटावरचे. मासा फक्त कागदावर पाहिलेला. नाकाला कापराचा रुमाल लावून ते उंबऱ्यावरूनच म्हणाले, "झाकून ठेवा. सोमवारी बघू."

सोमवारपर्यंत ते काळीज स्वतःच चालत त्यांच्या टेबलाशी गेलं असतं. मी ते तेव्हाच चिरलं, गरम पाण्यावर ठेवलं, वर आलेलं तेल मलमलीतून गाळलं. बाटलीआड वर्तमानपत्र धरून वाचावं असं तेल. वासानं गावातली मांजरं कौलांवर सभा भरवून बसली. तीन कोसांवरच्या आरे-वारेची उशिरा पोचली, त्यांना मागे बसावं लागलं.

सोमवारी हेडक्लार्कनी बाटलीकडे पाहिलं.

"हे काय?"

"शनिवारच्या काळजाचं तेल."

"कुठलं काळीज? बुकात काळीज नाही."

"भाऊसाहेब, तुम्ही स्वतः वास घेतलात की."

"वासाला रकाना नाही. काळीज आलं नाही, म्हणजे तेल निघालं नाही. एवढं रसायनशास्त्र तुम्हाला मी शिकवायचं?"

"मग आता चढवा."

"शनिवारखाली रेघ मारून झाली."

साहेब आले ते थेट रजिस्टरांपाशी. माझ्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. मी बाटली पुढे केली, तर हेडक्लार्क मधाळ आवाजात म्हणाले, "ती यांची खाजगी आहे, सर." साहेबांनी अक्षराच्या वळणाची तारीफ लिहिली आणि त्याच शाईत कुलपाचा हुकूम.

सामान परत करताना हेडक्लार्कनी मोडका चिमटासुद्धा मोजून घेतला. बाटली मात्र घेईनात. नसलेली वस्तू सरकारजमा कशी करणार? ती काखोटीला मारून मी पावसाआधीच्या शेवटच्या मुंबई आगबोटीत बसलो. हेडक्लार्कना बढती मिळाल्याचं पुढे कानावर आलं. त्या तेलानं माझ्या वहाणा बारा वर्षं मऊ राहिल्या, आणि प्रत्येक वेळी वहाणेच्या तळव्याला तेल चोळताना मला त्यांचाच चेहरा आठवे.