बुधवारचा वेगळा वर्ग

पडदे शिवणाऱ्या दुकानात तिला सगळे फौजदारीण म्हणत. कापडाचा तागा आला की ती आधी उलटून बघे, गिऱ्हाईक फार गोड बोललं की दोनदा माप घेई. त्यामुळे ‘तुमची मुलगी हुशार आहे, दर बुधवारी तिला वेगळ्या वर्गात बसवतो,’ असं तिसरीच्या बाईंनी सांगितलं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या स्वतःच्या धाकट्या भावालाही लहानपणी शाळेत असंच गोड बोलून वेगळ्या खोलीत बसवलं होतं. तिथे मागे पडलेली मुलं नुसती सांभाळली जात.

“आज काय शिकवलं?” तिने लेकीला, भिंगरीला, विचारलं.

“काही नाही. कागदाचा पूल केला. पडला. का पडला ते सरांनाही माहीत नव्हतं.”

“सरांना माहीत नाही?”

“पोरगी खुशीत आहे ना, मग कशाला खोदतेस?” सासूबाई म्हणाल्या.

पण तिला चैन पडेना. पुढच्या बुधवारी ती दुकानातून निघून शाळेच्या खिडकीशी उभी राहिली. आत फळा कोरा. सर कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेले, मुलं जमिनीवर वाद घालत होती. मधला खांब काढला तरी पूल उभा राहील, असं भिंगरी तावातावाने सांगत होती. कुणी तिला गप्प केलं नाही. तिने खांब काढला. पूल जरा वाकला आणि तसाच राहिला. भिंगरी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसली. घरी ती इतकी शांत कधीच नसे.

तरी फौजदारीण तिसरीच्या बाईंकडे गेलीच. “खरं सांगा, हिला तिकडे का पाठवता?”

बाई आधी गोलमोल बोलल्या. मग म्हणाल्या, “हुशार आहे हे खोटं नाही. पण तिच्या प्रश्नांनी माझा तास पुढे सरकत नाही हो. बुधवारी जरा उसंत मिळते.”

तिला राग आला, आणि खरं कळल्यामुळे हायसंही वाटलं.

“बुधवारी जाऊ दे तिला. पण बाकीच्या दिवशी तिच्या एका तरी प्रश्नाला उत्तर द्या. येत नसलं तर येत नाही म्हणा.”

बाईंनी मान डोलावली. त्यावर तिचा विश्वास बसला नाही. उत्तर मिळालं नाही असं भिंगरीने सांगितलं, की दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या दारात हजर. पुढेपुढे बाई तिला लांबूनच सांगत, “दिलं हो, आज दिलं.”

तरीही ती भिंगरीला बाजूला घेऊन खात्री करून घेई.