इसरूची अन्नपूर्णा

अर्धे तांदूळ पाखडून झाले, अर्धे सुपातच राहिले. आज पोथीही उघडली नाही. एवढा राग मनात ठेवून देवापुढे बसू कशी?

शेजारच्या दादाजीची पहिली बायको कमळा बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत त्याने इसरूची लेक अन्नपूर्णा करून आणली. रिवाजाप्रमाणे मेल्या सवतीचा टाक, तिच्या नावाची चांदीची प्रतिमा, तिच्या गळ्यात आला. आधी टाकाला कुंकू, मग स्वतःला. इथवर ठीक. पण सासू भागीरथाबाईचं डोकं फिरलं. कमळा मेली हेच विसरून ती नव्या सुनेला कमळा म्हणू लागली. दादाजीने बायकोला बजावलं, "हो म्हणत जाय. आईले दुःख नको." चार वर्षं ती हो म्हणाली. नको असताना अंबाडीची भाजी खाल्ली, कारण कमळेला आवडायची. साऱ्या गल्लीने तेच नाव धरलं. मीही धरलं, खोटं कशाला लिहू?

आज ती माझ्या अंगणात बसली होती. तिच्या माहेरगावचा पोचू नावाचा माणूस आला. "काऊन वं अन्नपूर्णा, बापाले आग देतानाही आली नाई?"

"कोणाच्या बापाले?" ती म्हणाली.

पोचूने सगळं सांगितलं: सात दिवसांपूर्वी तो इसरू गेल्याचा निरोप घेऊन दादाजीच्या दारी आला होता. म्हातारी म्हणाली, "इथी अन्नपूर्णा कोणी नाई. माही सून कमळा हाये." दादाजी आतून आला, "मी सांगतो तिले" म्हणून पोचूला वाटेला लावलं, आणि तिला सांगितलंच नाही.

मी तिला घेऊन तडक दादाजीच्या दारात गेले. "तोंडात दगड होता का रे भाऊ?"

"बाई, ते रडली असती तं आईनं पुसलं असतं, कोण मेलं. मंग कमळेचंही सांगा लागलं असतं."

"तुह्या आईचं दुःख दुःख, अन् हिचा बाप काय कुत्रा होता?"

अन्नपूर्णेने टाक काढून सासूच्या हातावर ठेवला. "बाई, हे कमळा. ते मेली. मी अन्नपूर्णा. माहा बाप मेला."

म्हातारी टाकाकडे पाहत राहिली, मग छाती बडवू लागली. "पाहा, काय केलं तुमी!" दादाजी माझ्यावर ओरडला. म्हातारीची कीव आली मला. राग मात्र उतरला नाही, स्वतःवरचाही नाही.

परवा इसरूचा दहावा. उद्या पहाटे अन्नपूर्णेला घेऊन डोंग्याने वैनगंगा उतरायची आणि तिला कुरखेड्याकडच्या तिच्या गावी पोचवायचं.