न लिहिलेली एक ओळ

एकच गोष्ट दोनदा लिहायची म्हटली की माझं डोकं सणकतं. शाळेपासूनचा रोग आहे हा. त्यात नोकरी लागली ती नेमकी प्रोग्रामिंगची. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. नारायणगावात एका दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस आणि आम्ही तिघं: मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, मंचरहून येणाऱ्या एक मॅडम आणि मी. परदेशात द्राक्षं पाठवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटासाठी आम्ही प्रोग्राम करत होतो. कुठल्या बागेवर कधी कुठलं औषध मारलं त्याची नोंद ठेवायची आणि तोडणीआधी यादी काढायची. तोडणीच्या तोंडावर औषध मारलेलं असेल तर ती बाग बाद.

काम सोपं, पण लिखाण काय विचारू नका! शेतकऱ्याची माहिती ठेवायला पानभर कोड, बागेची ठेवायला तसाच पानभर, औषधाची ठेवायला परत तोच. फक्त नावं बदलायची. मॅडम शांतपणे हातानं टाइप करत बसायच्या. मी खुर्चीत चुळबुळ करायचो, खाली जाऊन चहा पिऊन यायचो, वर आलो की पुन्हा तेच. शेवटी असला कोड आपोआप तयार करणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले आयते प्रोग्राम, शोधल्या. दोन सापडल्या. एक सगळा कोड फायलीत लिहून द्यायची, उघडून वाचता यायचा. दुसरी काहीच दाखवायची नाही. आपण चार ओळी लिहायच्या, बाकीचं ती आतल्या आत उरकायची.

"पहिली घे," मॅडम म्हणाल्या. "निदान काय लिहिलंय ते दिसेल तरी."

"दिसून करायचंय काय? वाचायला वेळ कुणाला आहे?" असं म्हणून मी दुसरी घेतली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की नाहीत, हेही ती लायब्ररीच ठरवायची. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि जमिनीचा गट नंबर जुळला की माणूस एकच. सभासद क्रमांकही बघ, हे तिला सांगायला एक ओळ जास्तीची लिहावी लागायची. मला वाटलं, एवढं सगळं जुळणारी दोन माणसं असतात कुठं? लिहिली नाही.

माझं गाव लेण्याद्रीच्या डोंगराखालचं. गटाची सभा तिथंच देवळात होती आणि यादी वाचायला मीच. आमच्या बांधाला बांध लागून ज्यांची बाग, त्या आबांच्या नावापुढं 'बाद' आलं. सहा दिवसांपूर्वी फवारणी केल्याची नोंद होती.

आबा उठले. "म्या तर महिनाभर पंपाला हात लावला न्हाई."

"आबा, कंप्युटर खोटं बोलतो व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "बागंवर भुरी रोग आला असंल राव, मारलं असंल चोरून!" सगळं देऊळ हसलं.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदाकडं पाहिलं. खरं सांगतो, मला वाटलं म्हातारा खोटं बोलतोय. मी पुढचं नाव वाचलं. कंटेनर आबांच्या मालाशिवाय गेला. गावातली भांडणं ज्यांच्या शब्दावर मिटायची, त्या माणसाला पोरंटोरं 'काय आबा, फवारणी झाली का?' म्हणून टोचायला लागली.

आठवड्याभरानं खालच्या मळ्यातले तात्या ऑफिसात आले. त्यांची बाग उशिराची, म्हणून ते सभेला आले नव्हते. "यादीत माझा सभासद नंबरच नाय, भाऊ," म्हणाले. मी त्यांना पूर्ण नाव विचारलं आणि टाइप करता करता माझे हात थांबले. आबांचं आणि तात्यांचं नाव एक, वडिलांचं नाव एक, आडनाव तर भावकीचंच. भावकीची जमीन कागदावर अजून वाटलेली नव्हती, म्हणून गट नंबरही एक. जन्मापासून ओळखतो मी दोघांना, पण गावात त्यांना नावानं हाक मारतं कोण? एक वरचे आबा, एक खालचे तात्या. तात्यांची फवारणी आबांच्या नावावर जाऊन बसली होती.

"गुपचूप दुरुस्त कर," सर म्हणाले. "माल गेला, आता बोंब कशाला मारायची?"

सभासद क्रमांकाची ती ओळ लिहायला मला अर्धं मिनिट लागलं. मग मात्र बसवेना. उठलो, बसलो, खाली गेलो, वर आलो. मॅडम स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "आज नाही सांगितलंस तर कधीच सांगणार नाहीस." मी गाडीला किक मारली.

आबा ओट्यावर बसले होते. मी उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, कंप्युटरची नाही, उद्या देवळात सगळ्यांसमोर तसं सांगतो, हेही म्हणालो.

त्यांनी ऐकून घेतलं. "मशीनचं सोड. ती मला काय वळखती? तुला तरी खरं वाटलं व्हतं का रं?"

नाही म्हणायचं होतं.

"वाटलं होतं," मी म्हणालो.

आतून काकूंनी विचारलं, "पोरगं आलंय ना? च्या टाकू का?"

"नगं," आबा म्हणाले. "त्याला घाई आसती."